ब्रेस्ट टिश्यूमधून पेशी वेगळ्या कशा काढायच्या आणि ओळखायच्या: लॅबमध्ये नव्यानं आलेल्यांसाठी

या कामाला नवीन लागलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दोन पानी प्रोटोकॉल हातात देतं, आणि तो वाचून वाटतं की बस एवढंच, टिश्यू कापा, एन्झाइममध्ये टाका, गाळा, अँटीबॉडी लावा, सॉर्टरवर (रंग बघून पेशी वेगळ्या करणारं मशीन) चढवा. त्या दोन पानांत जे नसतं ते असं की प्रत्येक पायरीवर कुठल्या ना कुठल्या पेशी तुमच्या हातून गळत असतात. कधी सुपरनेटंटबरोबर (स्पिन केल्यावर वर राहणारं पाणी) सिंकमध्ये, कधी गाळणीवर, कधी ट्रिप्सिन या एन्झाइमनं मरून. शेवटी स्क्रीनवर जे टक्के दिसतात ते त्या बाईच्या स्तनातले नसतात, तुमच्या हातून जे वाचलं त्यातले असतात. म्हणून खाली प्रत्येक पायरीला काय करायचं ते सांगतेच, पण त्या पायरीला कोण गळतंय तेही सांगते, कारण नंतर डेटा घेऊन बसल्यावर हेच कामाला येतं.

आधी आत काय असतं ते बघून घ्या

स्तनाचा बहुतांश भाग चरबी आणि कोलॅजनचा. आपल्याला बहुतेक वेळा हव्या असतात त्या एपिथेलियल पेशी त्यामानानं थोड्या, आणि त्या सगळीकडे सारख्या पसरलेल्याही नसतात. निपलपासून नळ्या आत जातात, त्यांना फांद्या फुटतात, आणि टोकाला द्राक्षाच्या घडासारखे लोब्यूल्स असतात, टोकाची नळी आणि तिचे लोब्यूल्स मिळून टीडीएलयू (टर्मिनल डक्ट लोब्युलर युनिट) म्हणतात. बहुतेक ब्रेस्ट कॅन्सर तिथेच सुरू होतात असं मानलं जातं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिथे.

नळीची भिंत दोन थरांची. आतला ल्युमिनल, बाहेरचा बेसल किंवा मायोएपिथेलियल, जो आकुंचन पावून दूध पुढे ढकलतो. त्याच्याबाहेर बेसमेंट मेंब्रेन, त्यापलीकडे फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्यांच्या एंडोथेलियल पेशी, त्यांना बाहेरून बिलगलेल्या पेरिसाइट्स, लिम्फ वाहिन्या, टी सेल, मॅक्रोफेज वगैरे इम्यून मंडळी, आणि अर्थात ॲडिपोसाइट्स, म्हणजे चरबीच्या पेशी. ल्युमिनलचेही दोन गट पडतात. एक हार्मोनला प्रतिसाद देणारा, ज्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर असलेल्या पेशी असतात, याला जुन्या पेपरांत मॅच्युअर ल्युमिनल म्हणतात. दुसरा ल्युमिनल प्रोजेनिटर, ज्याला आता बरेच जण सिक्रेटरी ल्युमिनल म्हणतात. नावं प्रत्येक ग्रुपची वेगळी आहेत, तेव्हा पेपर वाचताना नावावर जाऊ नका, मार्कर (पेशी ओळखायची खूण असलेली प्रथिनं) कुठले वापरलेत ते बघा.

सॅम्पल आणि त्याचे कागद

नॉर्मल टिश्यूचा जगभरातला मुख्य सोर्स म्हणजे रिडक्शन मॅमोप्लास्टी, म्हणजे स्तनाचा आकार कमी करायची सर्जरी. यात टिश्यू भरपूर मिळतो आणि नाहीतर तो टाकूनच दिला जातो. बर्कलीत मार्था स्टॅम्फर यांनी १९८० च्या सुमारास याच टिश्यूमधून नॉर्मल एपिथेलियल पेशी वाढवण्याची पद्धत बसवली, आणि आज आपण जे करतो त्याचा बराचसा सांगाडा तिथलाच आहे. दुसरा सोर्स म्हणजे मास्टेक्टॉमीमधला गाठीपासून लांबचा टिश्यू. आपल्याकडे कॅन्सर हॉस्पिटलशी जोडलेल्या लॅबमध्ये हाच जास्त मिळतो. पण त्याला सरळ नॉर्मल म्हणू नका, गाठीच्या आजूबाजूला दिसायला नीट असलेल्या भागातही बदल झालेले असू शकतात आणि पेशंटनं आधी किमो घेतलेली असेल तर विषयच वेगळा. निरोगी बायकांनी स्वतःहून दिलेल्या बायॉप्सी हव्यात म्हणून अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीमध्ये कोमेन टिश्यू बँक उभी राहिली, ती याच अडचणीमुळे.

भारतात असाल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, टिश्यू नंतर. आयसीएमआरची (इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च) २०१७ ची गाइडलाइन एकदा तरी नीट वाचा. कन्सेंट फॉर्म पेशंटला कळेल अशा भाषेत हवा, म्हणजे सांगली-सोलापूरहून आलेल्या मावशींना इंग्रजी फॉर्मवर सही करायला लावणं हा कन्सेंट नाही. फॉर्ममध्ये टिश्यूतून पेशी वाढवल्या जातील, फ्रीज करून ठेवल्या जातील, जनुकांची तपासणी होईल हे सगळं आधीच असू दे, दोन वर्षांनी सिक्वेन्सिंग करायचं ठरलं की परत पेशंट शोधत फिरता येत नाही. लॅबमध्ये सॅम्पल फक्त कोड नंबरनं यावं. पण कोडबरोबर माहिती मात्र हवी: वय, किती बाळंतपणं, शेवटचं कधी, पाळीचा कितवा दिवस, मेनोपॉज झालाय का, गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोन चालू आहेत का, वजन-उंची, घरात कॅन्सरचा इतिहास, बीआरसीए (ज्यात दोष असला की ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो ती जनुकं) टेस्ट झाली असेल तर रिझल्ट. ही माहिती नसलेलं सॅम्पल मी तरी महत्त्वाच्या प्रयोगात घेणार नाही, कारण यातली प्रत्येक गोष्ट पेशींचं प्रमाण बदलू शकते.

ओटीमधल्या सिस्टर आणि पॅथॉलॉजीवाल्यांशी ओळख ठेवा, खरंच सांगते, निम्मं काम तिथे होतं. त्यांना दोनच गोष्टी पक्क्या सांगायच्या. टिश्यू फॉर्मलिनमध्ये टाकायचा नाही, एकदा टाकला की संपलं. आणि कोरडा ठेवायचा नाही. निर्जंतुक डब्यात थंड मीडियम अँटिबायोटिक घालून आधीच देऊन ठेवा, डबा बर्फात. पॅथॉलॉजिस्टला निदानासाठी जे हवं ते आधी त्यांचं, उरलेलं आपलं, यात घासाघीस करायची नाही. थंड मीडियममध्ये टिश्यू रात्रभर तग धरतो पण जितकं लवकर तितकं बरं, २४ तासांच्या पुढे शक्यतो जाऊच नका.

आणि हो, माणसाचा टिश्यू आहे, प्रत्येक सॅम्पल इन्फेक्टेड आहे असं धरूनच चालायचं. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर आधी ती घ्या मग हूडमध्ये हात घाला.

पहिला दिवस: कापणं आणि रात्रभर एन्झाइम

काम बायोसेफ्टी लेव्हल २ च्या हूडमध्ये. टिश्यू मोठ्या काचेच्या पेट्री डिशमध्ये घ्या, फॉस्फेट बफरनं धुवा, रक्त जाईपर्यंत. आता नीट बघा, पिवळं मऊ ती चरबी, आणि पांढरट चिवट पट्टे दिसतात त्यात नळ्या आणि लोब्यूल्स. नुसती चरबी असलेले तुकडे वेगळे काढा. कापायच्या आधी एक छोटा तुकडा फॉर्मलिनमध्ये हिस्टॉलॉजीसाठी आणि एक लिक्विड नायट्रोजनमध्ये बाजूला ठेवा, लोक घाईत हे विसरतात, आणि मूळ टिश्यूमध्ये काय होतं हे नंतर पडताळून बघायला दुसरा काहीच मार्ग राहत नाही.

मग दोन स्काल्पेल एकमेकांविरुद्ध फिरवत बारीक करायचं. किती बारीक, तर चमच्यानं उचलता येईल इतपत, दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे पुरतात. अगदी लगदा करत बसलात तर पेशी चिरडून मरतात आणि त्यांचा डीएनए सगळ्याला चिकटतो. स्काल्पेल बोथट झाला की बदला, कंजूषी नको, बोथट ब्लेडनं जोर लावला की हातमोजा फाटतो आणि पुढचं तुम्हाला माहितीये.

एन्झाइमचं मिश्रण म्हणजे कोलॅजनेज आणि हायल्युरॉनिडेज. बऱ्याच ठिकाणी चालणारं प्रमाण म्हणजे मिलिलिटरला ३०० युनिट कोलॅजनेज आणि १०० युनिट हायल्युरॉनिडेज, मीडियममध्ये थोडं सीरम किंवा अल्ब्युमिन घालून. ३७ अंश सेल्सियसला हळू हलवत १६ ते १८ तास, म्हणजे संध्याकाळी लावलं की सकाळी तयार. कोलॅजनेज हे बॅक्टेरियापासून काढलेलं कच्चं मिश्रण असतं, दर लॉटला त्याची ताकद वेगळी निघते, म्हणून नवीन लॉट आला की आधी छोट्या तुकड्यावर करून बघा आणि चांगला निघाला तर त्याच लॉटच्या जास्त बाटल्या घेऊन ठेवा. लॉट नंबर वहीत. दर वेळी.

हलवण्याबद्दल जरा थांबून सांगते कारण याची एक खरी आणि छापून आलेली गोष्ट आहे. बर्कलीतली मिना बिसेल यांची लॅब आणि बोस्टनमधली कॉर्नेलिया पॉल्याक यांची लॅब, दोन्ही या विषयातली मोठी नावं, एकत्र प्रोजेक्ट करत होत्या, आणि सारखाच टिश्यू, सारखाच प्रोटोकॉल असूनही दोघींचे सॉर्टरवरचे प्लॉट जुळेनात. वर्षभराहून जास्त वेळ गेला, मशीन तपासलं, अँटीबॉडी तपासल्या, टिश्यू कुठून येतो ते तपासलं. शेवटी दोन्हीकडचे लोक शेजारी शेजारी उभे राहून प्रयोग करायला लागले तेव्हा कळलं की एन्झाइममध्ये टिश्यू हलवण्याची पद्धत वेगळी होती, एकीकडे जोरात ढवळत होते, दुसरीकडे हळू फिरवत होते. बस, एवढ्यावर पेशींचा अख्खा नकाशा बदलत होता. हे त्यांनी २०१४ मध्ये सेल रिपोर्ट्समध्ये सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. तेव्हा तुमच्या वहीत नुसतं 'शेकरवर रात्रभर' असं लिहू नका, कुठला शेकर, किती आरपीएम, ट्यूब उभी की आडवी, किती भरलेली, सगळं लिहा.

इथे कोण गळतंय: ॲडिपोसाइट्स तर फुटतात किंवा वर तरंगतात, आणि काही इम्यून पेशी इतके तास टिकत नाहीत. इम्यून पेशी हाच तुमचा विषय असेल तर रात्रभराचं डायजेशन विसरा, जास्त एन्झाइम घालून एक-दोन तासांचं करा. लवकर सुटणाऱ्या पेशी त्यात ताज्या मिळतात, पण नळ्यांचे गुच्छ अर्धवट राहतात. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही, काय हवंय ते आधी ठरवा.

दुसरा दिवस: स्पिन करून वेगळं करणं

सकाळी ट्यूब बघा. मोठे तुकडे विरघळलेले दिसले पाहिजेत, मायक्रोस्कोपखाली छोटे छोटे गुच्छ दिसतील, यांना आपण ऑर्गॅनॉइड म्हणतो (आजकाल स्टेम सेलपासून वाढवतात ते ऑर्गॅनॉइड वेगळे, इथे म्हणजे टिश्यूतून सुटून आलेले नळी-लोब्यूलचे तुकडे). बेसमेंट मेंब्रेन अजून शाबूत असतं म्हणून ते सुटे होत नाहीत, आणि आपल्याला तेच फायद्याचं, कारण जड गुच्छ आणि हलक्या सुट्या पेशी निव्वळ स्पिनच्या वेगावर वेगळ्या करता येतात.

आधी ८० जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) ३० सेकंद. खाली बसतात ते गुच्छ, एपिथेलियमनं भरलेले. वर चरबीचा थर तरंगतो, तो काढून टाका. मधलं पाणी टाकू नका! ते दुसऱ्या ट्यूबमध्ये घेऊन २०० जी वर तीन-चार मिनिटं फिरवा, यात बारीक गुच्छ आणि सुट्या एपिथेलियल पेशी येतात. उरलेलं ३५० जी वर पाच मिनिटं, यात फायब्रोब्लास्ट, एंडोथेलियल आणि रक्तातल्या पेशी. वेग आरपीएममध्ये नाही तर जी मध्ये लावायचा, दोन सेंट्रिफ्यूजचे रोटर वेगळे असतात.

पेलेट लाल दिसला तर अमोनियम क्लोराइडनं लाल पेशी फोडा, पण गरजेपुरतंच.

इथे एक सोय आहे, गुच्छ फ्रीज करता येतात. सीरममध्ये १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून) घालून व्हायल भरा, हळू थंड करून लिक्विड नायट्रोजनमध्ये. सर्जरी कधी होईल ते आपल्या हातात नसतं आणि सॉर्टरचा स्लॉट त्याच दिवशी मिळेलच असं नाही, तेव्हा बहुतेक लॅबचं काम फ्रोझन गुच्छांवरच चालतं. पण अर्धे सॅम्पल ताजे आणि अर्धे फ्रोझन असं एकाच ग्राफमध्ये ठेवू नका, फ्रीज-थॉमध्ये सगळ्या पेशी सारख्या वाचत नाहीत.

गुच्छ फोडून सुट्या पेशी

हा सगळ्यात नाजूक टप्पा आणि यात घड्याळ समोर ठेवूनच काम करायचं. गुच्छांवर कोमट ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए, एक मिलीच्या पिपेटनं हलक्या हातानं वर-खाली दोन-तीन मिनिटं. मिश्रण एकदम चिकट आणि तार सुटणारं होईल, घाबरू नका, मेलेल्या पेशींचा डीएनए आहे तो. दोन टक्के सीरम घातलेलं थंड हँक्स सोल्युशन भरपूर ओतून ट्रिप्सिन थांबवा, ३५० जी वर पाच मिनिटं स्पिन. मग डिस्पेज मिलीला ५ मिलिग्रॅम आणि डीएनए कापणारं डीएनएज मिलीला ०.१ मिलिग्रॅम, पुन्हा एखादं मिनिट पिपेट, चिकटपणा गेलेला हाताला कळतो. परत थंड सोल्युशन घालून ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा.

ट्रिप्सिन जास्त झालं तर पेशी मरतातच, शिवाय जिवंत पेशींवरचे काही मार्करही कापले जातात, म्हणजे पेशी आहे पण अँटीबॉडीला सापडत नाही. कमी झालं तर डबलेट राहतात, एक ल्युमिनल आणि एक बेसल चिकटून गेल्या की मशीनला ती दोन्ही मार्कर असलेली एकच पेशी दिसते, आणि अशा दुहेरी पेशी बघून लोक स्टेम सेल सापडली म्हणून नाचायला लागतात. गाळणीवर काय अडकलं तेही मायक्रोस्कोपखाली एकदा बघा, तिथे न फुटलेले गुच्छ ढिगानं असतील तर तुमची मोजणी आधीच एका बाजूला झुकलेली आहे.

ट्रिपॅन ब्लूनं मोजा. जिवंत पेशी निम्म्याहून कमी असतील तर महागड्या अँटीबॉडी त्यावर घालवण्यात अर्थ नाही, दुसरी व्हायल काढा.

अँटीबॉडी लावणं

मुख्य जोडी दोनच मार्करची. एपकॅम, जो एपिथेलियल पेशींना एकमेकींशी धरून ठेवतो, आणि सीडी४९एफ, म्हणजे इंटेग्रिन अल्फा ६, जो बेसमेंट मेंब्रेनच्या लॅमिनिनला धरतो. बेसल पेशी मेंब्रेनला चिकटलेल्या म्हणून त्यांच्यावर सीडी४९एफ जास्त, इतकं लक्षात ठेवलं की पुढचा प्लॉट पाठ करावा लागत नाही. यांच्या जोडीला नको असलेल्या पेशी बाजूला काढायचे मार्कर: सीडी४५ पांढऱ्या पेशींसाठी, सीडी३१ एंडोथेलियलसाठी, सीडी२३५ए लाल पेशींसाठी. या तिन्हींना एकच रंग दिला तरी चालतं कारण ते सगळे एकत्रच वगळायचे असतात. मेलेल्या पेशींसाठी डॅपी किंवा सेव्हन-एएडी हे रंग.

आधी एफसी रिसेप्टर ब्लॉक (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) दहा मिनिटं, मग अँटीबॉडी बर्फावर, अंधारात, अर्धा तास, मग धुणं. अँटीबॉडीचं प्रमाण बाटलीवर लिहिलंय म्हणून तेच घ्यायचं असं नाही, आपल्या टिश्यूवर टायट्रेशन (कमी-जास्त प्रमाणं लावून बघणं) करा. आणि कंट्रोल: काहीच न लावलेली ट्यूब, प्रत्येक रंगाची एकेकटी ट्यूब, आणि एफएमओ, म्हणजे एक रंग सोडून बाकी सगळे लावलेली. नवीन लोक एफएमओला कंटाळतात. पण एपकॅम 'थोडा आहे' आणि 'नाही' यातली रेघ कुठे ओढायची हे एफएमओशिवाय कुणीच सांगू शकत नाही, तुमचे गाइडसुद्धा नाही.

सॉर्टर

ब्रेस्टच्या पेशी मोठ्या आणि नाजूक, म्हणून १०० मायक्रॉनचा नॉझल आणि कमी प्रेशर. मशीनवर जायच्या आधी परत एकदा गाळा, नॉझल चोक झाला की ऑपरेटरचा चेहरा बघवत नाही. गेट (प्लॉटवर हव्या पेशींभोवती ओढायची चौकट) या क्रमानं: आधी आकारावरून कचरा बाहेर, मग डबलेट बाहेर, मग मेलेल्या बाहेर, मग सीडी४५-सीडी३१-सीडी२३५ए वाल्या बाहेर. उरलेल्यांचा एपकॅम विरुद्ध सीडी४९एफ असा प्लॉट काढला की चार ढग दिसतात. एपकॅम जास्त आणि सीडी४९एफ नाही ते मॅच्युअर ल्युमिनल. दोन्ही आहेत ते ल्युमिनल प्रोजेनिटर. एपकॅम कमी किंवा नाही पण सीडी४९एफ जास्त ते बेसल. दोन्ही नाहीत ते स्ट्रोमा, मुख्यतः फायब्रोब्लास्ट.

मेलबर्नच्या जेन व्हिस्वाडर आणि जेफ्री लिंडमन यांच्या ग्रुपनं २००९ मध्ये हाच प्लॉट वापरून दाखवलं की बीआरसीए१ मध्ये दोष असलेल्या बायकांच्या टिश्यूत ल्युमिनल प्रोजेनिटरची वागणूक बिघडलेली असते, आणि बेसलसारखे दिसणारे कॅन्सर बहुधा बेसल नाही तर या प्रोजेनिटरपासून निघतात. म्हणजे पेशी नीट वेगळ्या काढल्या म्हणून उत्तर उलटं निघालं. त्यामुळे गेटचा कंटाळा करू नका.

पेशी गोळा करायच्या ट्यूब आधी सीरमनं आतून ओल्या करून घ्या, खाली थोडं मीडियम. सॉर्ट झाल्यावर प्रत्येक ट्यूबमधला थोडा भाग परत मशीनवर चालवून शुद्धता बघा.

गेटवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका

माझ्या मते लेखातला सगळ्यात कामाचा भाग हा. बेसलच्या गेटमध्ये फक्त बेसल येतात असं नाही. एंडोथेलियल पेशींवरही सीडी४९एफ भरपूर असतो, सीडी३१ नीट लागला नाही तर त्या सरळ बेसलच्या ढगात जाऊन बसतात. पेरिसाइट्सवर तर सीडी३१, सीडी४५ काहीच नसतं, म्हणून त्या वगळल्याच जात नाहीत, त्यांच्यासाठी सीडी१४६ लावून बघा. बेसल खात्रीनं हवे असतील तर सीडी१० जोडा, पण तो काही फायब्रोब्लास्टवरही दिसतो, म्हणून एकटा चालणार नाही.

मग सॉर्ट केलेल्या पेशी स्लाइडवर बसवून पॅराफॉर्मॅल्डिहाइडनं फिक्स करा आणि ज्या मार्करवर सॉर्ट केलं नाही त्यांनी तपासा. बेसलला केराटिन १४ आणि न्यूक्लियसमध्ये पी६३. ल्युमिनलला केराटिन ८ आणि १८. मॅच्युअर ल्युमिनलमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, फॉक्सए१. प्रोजेनिटरमध्ये किट आणि एल्फ५. फायब्रोब्लास्टला कोलॅजन १ आणि पीडीजीएफआर अल्फा. इथे दोन जुने सापळे आहेत: स्मूथ मसल ॲक्टिन दिसला म्हणजे मायोएपिथेलियल असं नाही, पेरिसाइटवरही तो असतो, आणि व्हायमेंटिन दिसला म्हणजे फायब्रोब्लास्ट असंही नाही, बेसल पेशींतही असतो. पी६३ मात्र इथे बराच भरवशाचा.

वय विसरू नका. वय वाढलं की काही ल्युमिनल पेशींमध्ये केराटिन १४ सारखे बेसलचे मार्कर दिसायला लागतात, त्यामुळे साठीच्या बाईच्या सॅम्पलमध्ये मिसळलेल्या पेशी दिसल्या तर लगेच सॉर्ट खराब झाला असं समजू नका, आधी डबलेट नाहीत ना ते बघा आणि बाजूला ठेवलेला फॉर्मलिनचा तुकडा कापून तिथे काय दिसतंय ते बघा.

वाढवून बघणं

पेशी काय करू शकते हे मार्कर सांगत नाही, त्यासाठी कॉलनी ॲसे. रेडिएशन दिलेल्या एनआयएच ३टी३ फीडरवर (आधाराला घातलेल्या, स्वतः न वाढणाऱ्या उंदराच्या पेशी) विरळ पेशी पेरायच्या, सात ते दहा दिवसांनी फिक्स करून जिम्सा स्टेन. दाट, गुळगुळीत कडेच्या कॉलनी ल्युमिनल, विस्कटलेल्या लांबट पेशींच्या कॉलनी बेसल, आणि मध्ये दाट कडेला विस्कटलेल्या त्या मिश्र. मॅच्युअर ल्युमिनलमधून कॉलनी फारच कमी येतात, तेव्हा तिथे रिकामी प्लेट बघून प्रयोग फसला म्हणू नका. मॅट्रिजेलमध्ये (बेसमेंट मेंब्रेनसारखं जेल) ल्युमिनल पेशी पोकळ गोळे करतात, बेसल भरीव.

कल्चरमध्ये मात्र पेशी बदलतात हे गृहीत धरा. सीरम असलेल्या मीडियममध्ये काही दिवसांत फायब्रोब्लास्टच दिसतील, म्हणून एपिथेलियमसाठी सीरम नसलेलं मीडियम. फायब्रोब्लास्ट घुसलेच तर ट्रिप्सिननं ते आधी सुटतात, ते आधी काढून टाकायचे. साध्या प्लॅस्टिकवर इस्ट्रोजेन रिसेप्टर हळूहळू नाहीसा होतो आणि बेसलसारख्या पेशी बाकीच्यांना मागे टाकतात. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या पॅसेजच्या (म्हणजे तितक्यांदा नव्या प्लेटमध्ये हलवलेल्या) पेशींना 'प्रायमरी ल्युमिनल' म्हणत असाल तर आधी परत स्टेन करा.

सिंगल सेल करायचं असेल तर

आजकाल सगळ्यांना हेच, म्हणजे एकेका पेशीच्या आरएनएचं सिक्वेन्सिंग, करायचं असतं. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या निकोलस नेव्हिन यांच्या ग्रुपचा २०२३ मधला नेचरमधला ॲटलस बघा, १२६ बायकांच्या टिश्यूतल्या सात लाखांवर पेशी आणि १२ मुख्य पेशीप्रकार. आपला डेटा त्याच्यावर ठेवून बघितला की नावं द्यायला सोपं जातं. पण त्यांनीसुद्धा पेशींसोबत न्यूक्लियसही वेगळे सिक्वेन्स केले, कारण ॲडिपोसाइट इतकी मोठी आणि फुटकी की एकेक पेशी थेंबात पकडणाऱ्या मशीनमध्ये ती जातच नाही. तुम्हाला चरबी हवी असेल तर फ्रोझन टिश्यूतून न्यूक्लियस काढणं हाच रस्ता.

३७ अंशांवर तासनतास एन्झाइममध्ये ठेवलेल्या पेशी ताणात असतात, फॉस, जून आणि हीट शॉकची जीन्स वर जातात. क्लस्टर (डेटातला सारख्या पेशींचा गट) फक्त या जीन्सवर वेगळा पडत असेल तर तो नवीन पेशीप्रकार नाही, तुमचं वॉटरबाथ आहे. डबलेट काढायचं सॉफ्टवेअर चालवा, फुटलेल्या पेशींतून सांडलेल्या आरएनएचाही हिशोब करा. आणि दोन गटांत पेशींच्या प्रमाणाची तुलना करणार असाल तर दोन्ही गटांचे सॅम्पल एकाच पद्धतीनं, शक्यतो एकाच माणसाच्या हातून झालेले हवेत. रिपोर्टमध्ये टक्के लिहिताना कशाचे टक्के ते स्पष्ट लिहा, 'जिवंत, सुट्या, सीडी४५-सीडी३१ नसलेल्या पेशींपैकी' असं, नुसतं 'ब्रेस्टमध्ये इतके' असं नाही.

सराव कशावर करायचा

पेशंटच्या टिश्यूवर थेट हात साफ करू नका. एमसीएफ-७ वर एपकॅम भरपूर, एमडीए-एमबी-२३१ वर एपकॅम फारच कमी आणि सीडी४९एफ भरपूर, या दोन सेल लाइन मिसळून आधी स्टेनिंग, कॉम्पेन्सेशन (एका रंगाचा दुसऱ्यात सांडलेला प्रकाश वजा करणं) आणि गेटिंग जमवा. पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल रिपॉझिटरीत विचारा, नाहीतर शेजारच्या लॅबमध्ये असतातच. ते जमलं की फ्रोझन गुच्छांची एखादी जुनी व्हायल मागून घ्या, तिच्यावर ट्रिप्सिनची वेळ बसवा, एक मिनिट, दोन मिनिटं, तीन मिनिटं असे वेगवेगळे हिस्से करून जिवंत किती आणि डबलेट किती ते बघा. ताजं सॅम्पल त्यानंतर.

कचऱ्याचंही पहिल्या दिवसापासून लावून घ्या: टिश्यूचे उरलेले तुकडे पिवळ्या पिशवीत, टिप्स आणि ट्यूब लाल पिशवीत, ब्लेड पांढऱ्या टणक डब्यात, सॉर्टरच्या वेस्ट टाकीत चालू करायच्या आधीच ब्लीच. आणि जायच्या आधी व्हायलवरचे कोड वहीतल्या कोडशी जुळवून बघा, मार्कर पेन डीएमएसओनं पुसला जातो, लिक्विड नायट्रोजनला टिकणारी लेबलंच वापरा.